क्वार्ट्झच्या ओट्यावर गरम कढईचा डाग पडलाय, काय करता येईल?

पाणकणीस

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दीड वर्षापूर्वी आम्ही पुण्यात नव्या घरात राहायला आलो. ओटा पांढऱ्या क्वार्ट्झचा आहे, मधून बारीक करड्या रेघा. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी चकल्या तळल्या. शेवटचा घाणा काढून झाल्यावर कढई उचलली आणि शेगडीच्या उजव्या हाताला थेट दगडावर ठेवली. दहाएक मिनिटांनी उचलली तर खाली पिवळसर तपकिरी कडं! साधारण चार इंचांचं. कड्याच्या आतला भाग पांढुरका, निस्तेज दिसतोय.

यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चाळीस वर्षं त्यांनी कडप्प्याच्या ओट्यावर स्वयंपाक केला. कुकर, भाकरीचा तवा, आमटीचं पातेलं, सगळं विस्तवावरून उतरवून ओट्यावरच ठेवायची सवय. दुकानात आम्ही दोघं रंग आणि रेघाच बघत बसलो. उष्णतेबद्दल आम्ही विचारलं नाही आणि दुकानदारानंही सांगितलं नाही. आता सासूबाई ओट्याशी जायलाच बिचकतात. चहाचं पातेलं हातात धरून उभ्या राहतात आणि विचारतात, "कुठे ठेवू गं?" डागापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं.

खायचा सोडा आणि लिंबू लावून पाहिलं. नंतर तारेच्या घासणीनं घासलं. कडं तसंच राहिलं, भोवतीची चमक मात्र गेली. हा डाग निघतो का? निघत नसेल तर पूर्ण ओटा बदलावा लागेल का?

तिरफळ

पांढरी टूथपेस्ट लावून रात्रभर ठेवा. आमच्या टेबलावरचा कपाचा डाग गेला होता.

दगडफूल

पाणकणीस, आधी ती घासणी बाजूला ठेवा. आता काहीही घासू नका.

तिरफळ, तुमचं टेबल बहुधा लाकडी असणार. लाकडावरचा पांढरा डाग म्हणजे वरच्या पॉलिशमध्ये अडकलेली वाफ, ती टूथपेस्टनं जाऊ शकते. इथला मामला वेगळा आहे.

सांगलीला आमचं फरशीचं दुकान आहे. वडिलांचं होतं, गेली वीस वर्षं मी बघतो. त्यामुळे थोडं मुळापासून सांगतो.

क्वार्ट्झचा ओटा हा खाणीतून कापून आणलेला दगड नव्हे. क्वार्ट्झची भुकटी आणि बारीक खडे घेतात, त्यात पॉलिएस्टर रेझिन (प्लास्टिकसारखा घट्ट होणारा चिकट पदार्थ) आणि रंग कालवतात, हवा काढून दाबतात आणि भाजून त्याची लादी करतात. वजनात ९० टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झ असतं, उरलेलं रेझिन. नुसतं क्वार्ट्झ म्हणाल तर ते १,६०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. पण त्याला धरून ठेवणारं रेझिन साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडायला लागतं. आधी पिवळं पडतं, मग करपतं. शिवाय तापल्यावर ते क्वार्ट्झपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे कधी कधी लादीला तडाही जातो.

आता हिशेब करा. कुकरच्या आत शिट्टी होताना १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. चकलीचं तेल १७० ते १८० अंशांवर. कढईचं बूड त्याहून तापलेलं, आणि तेलानं भरलेली कढई लवकर निवत नाही. दहा मिनिटं ती उष्णता एकाच जागी झिरपत राहिली. म्हणून कुकरनं सहसा एवढं होत नाही, कढई आणि रिकामा तवा घात करतात.

तुमच्या सासूबाईंची सवय कडप्प्याच्या मानानं अगदी बरोबर होती. कडप्पा हा आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातून येणारा काळा चुनखडीचा दगड. तो नुसताच दगड, त्यात रेझिन नाही, त्यामुळे करपण्यासारखं काही नाही. त्याचा शत्रू आंबट. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडलं की पांढरा डाग पडतो. काळं ग्रॅनाइट दोन्हींना पुरून उरतं. म्हणजे तीन ओटे, तिघांच्या तीन तऱ्हा.

दोन गोष्टी तपासून सांगा. एक, डागावर पाणी ओतून लगेच कापडानं पुसा. ओल्या दगडात कुठे काळी बारीक रेघ उरते का? उरली तर तडा आहे. दोन, जुनं एटीएम कार्ड आडवं धरून कड्यावरून हळू खरवडा. काही सुटून येतंय का?

मोगरीचा_वेल

माझ्याकडे काळ्या ग्रॅनाइटवर असंच गोल पांढरं कडं होतं. मीही उष्णतेचा डाग समजून महिनाभर हळहळत होते. आमच्याकडे बोअरचं पाणी. भाताच्या पातेल्याच्या बुडाशी पाणी साचायचं, ते तिथेच आटायचं आणि क्षार बसायचा. पाण्यानं पुसलं की कडं गायब, वाळलं की हजर. दाढीचं नवं ब्लेड अगदी आडवं धरून खरवडलं तर पांढरी पूड निघाली. त्याखालचा दगड ठणठणीत होता.

दगडफूल

चांगलं लिहिलंत. असे फसवे डाग फार असतात. त्यातच आणखी एक. काळ्या ग्रॅनाइटला कधी कधी विकण्यापूर्वी काळा रंग किंवा मेण चोळलेलं असतं. शेगडीजवळ ते लवकर उडतं आणि ओटा तेवढ्यापुरता करडा दिसतो, लोकांना वाटतं दगड भाजला. पांढऱ्या फडक्यावर थोडं थिनर घेऊन कोपऱ्यात पुसून बघा. फडकं काळं झालं तर दगडाचा रंग मुळात तो नव्हताच. अशा वेळी दुकानदाराशी बोलायचा हक्क आहे तुम्हाला.

(ब्लेड ग्रॅनाइटवर चालेल. पांढऱ्या क्वार्ट्झवर लोखंडाची काळी ओढ उमटते, म्हणून तिथे प्लास्टिकच वापरा.)

पाणकणीस

दगडफूल, तुम्ही सांगितलं तसं केलं. तडा नाही, दोनदा बघितलं. आणि कार्डानं खरवडल्यावर कड्याच्या अर्ध्या भागातून तपकिरी चिकट पापुद्रे निघाले! म्हणजे तो डाग नव्हता का?

दगडफूल

त्यातला काही भाग नव्हता. कढईच्या बाहेरून ओघळलेलं तेल बुडाशी जळून चिकटतं, ते दगडावर उतरलंय. तेवढं निघेल.

कोमट पाणी, भांड्याचा द्रव साबण, मऊ कापड. पंधरा मिनिटं ओलं फडकं टाकून ठेवा, मग पुन्हा कार्ड फिरवा. तरी चिकट राहिलं तर मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कापडावर घेऊन पुसा आणि लगेच साध्या पाण्यानं धुवा. शेगडी बंद हवी, स्पिरिट पेट घेतं. ब्लीच, ओव्हन क्लीनर, नाली मोकळी करायची पावडर यांतलं काहीही रेझिनला लावू नका. रंग काढायचा रिमूव्हर तर अजिबात नको.

एवढं करून जे पिवळं उरेल ते रेझिनच्या आतलं आहे. ते कशानंही धुतलं जाणार नाही. साबणवाल्यांच्या जाहिराती काही म्हणोत.

ठाणेकर_जुना

आमच्याकडे कोरियन (Corian) नावाच्या मालाचा ओटा आहे. त्यावर तव्याचा करपट डाग पडला होता. कारागीर आला, पॉलिश पेपरनं घासलं, अर्ध्या तासात डाग गायब. पैसेही फार घेतले नाहीत. क्वार्ट्झलाही तेच करा.

दगडफूल

ठाणेकर, कोरियन हा प्रकारच वेगळा. त्यात अॅक्रिलिक आणि अॅल्युमिनियमचं एक खनिज असतं, क्वार्ट्झचे खडे नसतात. मऊ असतं, आरपार एकजिनसी असतं, म्हणून घासून नवं करता येतं. ड्युपाँट कंपनीनं ते १९६०च्या दशकात काढलं तेव्हापासून त्याची हीच मोठी खूण आहे. डाग खोल असेल तर तेवढा तुकडा कापून त्याच मालाचा दुसरा बसवतात, सांधा शोधून सापडत नाही.

क्वार्ट्झ कडक. कारखान्यात मोठ्या यंत्रांवर दिलेली चमक घरी हातानं पुन्हा आणणं अवघड. घासलं की पिवळेपणा थोडा जातो, पण तेवढा भाग कायमचा मंद दिसू शकतो. करायचंच तर कसं करायचं ते रात्री लिहितो, आता गिऱ्हाईक आहे.

कांगारू_कट्टा

मी मेलबर्नला राहते. घासण्याचा विषय निघालाय म्हणून कळकळीनं लिहिते, कृपया हा प्रतिसाद वाचल्याशिवाय कुणीही ग्राइंडर लावू नका.

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून क्वार्ट्झचे असे बनवलेले ओटे तयार करणं, विकणं, कापणं, बसवणं यावर बंदी आहे. १ जानेवारी २०२५ पासून आयातही बंद. कारण एकच, कारागिरांची फुप्फुसं. या लादीत ९० टक्क्यांवर स्फटिकी सिलिका असते, क्वार्ट्झ म्हणजे तीच. ग्रॅनाइटमध्ये त्याच्या साधारण निम्म्याहून कमी, संगमरवरात नगण्य. कोरडं कापलं किंवा घासलं की जी धूळ उडते तिचे सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात, तिथे जखमेसारखे कडक व्रण होत जातात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. बरं करणारं औषध नाही. इथे तिशी-चाळिशीतल्या कारागिरांना तो झालेला आढळला, तेव्हा सरकार हललं.

घरात बसवलेल्या ओट्यापासून घरच्यांना काही धोका नाही. पाणकणीस, सासूबाईंना हे नक्की सांगा, नाहीतर माझा प्रतिसाद वाचून त्या आणखी घाबरतील. इथेही आधी बसवलेले ओटे लोकांच्या घरात आहेतच. त्यांची दुरुस्ती किंवा काढणं नियमांच्या चौकटीत करता येतं. धोका आहे तो कोरडी धूळ उडवण्यात. नाकाला रुमाल बांधून ती अडत नाही.

गोदाकाठ

हे माहीतच नव्हतं. आमच्या स्वयंपाकघराचं काम झालं तेव्हा तीन पोरं आमच्याच बाल्कनीत कटर चालवत होती. पांढऱ्या धुळीनं नखशिखांत माखलेली. मी त्यांना चहा दिला आणि दार लावून घेतलं, घरात धूळ नको म्हणून.

दगडफूल

कांगारू_कट्टा, तुमचे आभार. हे दुकानदारांनी सांगायला हवं आणि आम्ही सांगत नाही.

आपल्याकडे हा आजार नवा नाही. गुजरातेत खंभातला अकीक नावाचा दगड घासणारे कारागीर, राजस्थानातले खाणकामगार, यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या भोगलाय. राजस्थान सरकारनं २०१९ मध्ये त्यासाठी वेगळं धोरण केलं. आमच्या दुकानात वडिलांच्या वेळेपासून होता तो कटिंगवाला पन्नाशीत दोन मजले चढू शकत नव्हता. सगळे बिडीला दोष द्यायचे. तो आयुष्यभर कोरडं कापत आला होता, हे मला फार उशिरा उमगलं. तेव्हापासून आमचं कटिंग दुकानाच्या शेडमध्ये, पाणी सोडूनच होतं. गिऱ्हाईकाच्या घरी फक्त बसवणं.

आता पाणकणीस यांच्यासाठी, पिवळेपणा फिका कसा करायचा.

हिऱ्याच्या भुकटीचे हातात धरायचे पॅड मिळतात, ५० पासून ३००० नंबरपर्यंत. नंबर जितका कमी तितकं पॅड खरखरीत. तुमच्या डागाला १५०० पासून सुरुवात करायची. जमिनीच्या फरशीला लावतात तसं ५० किंवा १०० कुणी लावत असेल तर थांबवा, खड्डा पडेल. आमचा नियम असा की ८०० च्या खाली उतरायचंच नाही. १५०० नं काही फरक पडत नसेल तर एकदा ८०० लावून परत १५०० आणि शेवटी ३०००. दगड सतत ओला हवा. पाण्याची बाटली घेऊन एकानं ओतत राहायचं. जो गाळ होतो तो ओला असतानाच पुसून घ्यायचा आणि ते फडकं ओलंच फेकायचं, कारण वाळलं की पुन्हा धूळच. तरीही कारागिराला एन ९५ मास्क द्या. डागाच्या बाहेर वीतभर लांबपर्यंत हात फिरवत न्यायचा म्हणजे मंद भागाची कड दिसत नाही.

आधी कुठे करून बघायचं? मिक्सरच्या मागे, जिथे नजर जात नाही. तिथली चमक परत आली तरच डागाला हात लावा.

पिवळं खोल असेल तर ते पूर्ण जाणार नाही, हे मनाशी धरून चला. पूर्ण ओटा बदलायची मात्र काहीच गरज नाही. तडा नाही, दगड मजबूत आहे.

नाशिकची_जाई

माझा प्रश्न वेगळा आहे पण इथेच विचारते. जेवणाच्या टेबलाचा सनमायका गरम भांड्यानं फुगलाय. चालेल ना?

दगडफूल

विचारा की. रंग करपलाय की नुसता फुगा आहे? नुसता फुगा असेल तर खालचा गोंद उष्णतेनं सुटलाय आणि उष्णतेनंच परत धरतो. वर सुती कापड टाका, इस्त्री मंद ठेवून फिरवा, गरम असतानाच सपाट फळी ठेवून वर जात्याची तळी किंवा पुस्तकांचा गठ्ठा रात्रभर ठेवा. करपला असेल तर तो तुकडा बदलावाच लागतो.

वाऱ्याची_झुळूक

ग्रॅनाइटला हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) कोपऱ्यातून तडा गेलाय. उष्णतेनंच ना?

दगडफूल

उष्णता निमित्त. हॉबसाठी चौकोन कापताना आतले कोपरे काटकोनात कापले की सगळा ताण त्या टोकात येतो. कोपरा गोल कापायचा असतो. आता खालून आधार द्या, फटीत त्याच दगडाची पूड कालवून अराल्डाइट भरा. रेघ दिसेल, पण वाढायची थांबेल.

पाणकणीस

काल काम झालं, म्हणून कळवायला आले.

जळकं तेल साबणानं आणि स्पिरिटनं निघालं, निम्मं कडं त्यातच गेलं. उरलेल्यासाठी ओळखीतून एक पॉलिशवाले काका आले. त्यांनी पिशवीतून ग्राइंडर काढला तेव्हा मी त्यांना हा धागा वाचून दाखवला, कांगारू_कट्टा यांचा प्रतिसाद तर पूर्ण. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुलगा पण याच कामात आहे." ग्राइंडर परत ठेवला आणि हाताच्या पॅडनं, पाणी घालत, दोन तास काम केलं. बाटली सासूबाईंनी धरली. मास्क मी आणून ठेवले होते, जाताना ते तीन जास्तीचे मागून घेऊन गेले.

कडं अजून आहे, पण खिडकीतून ऊन आलं तरच दिसतं. चमक भोवतालच्यापेक्षा जराशी कमी. मला चालेल.

एक विचारायचं राहिलं. शेगडीजवळ कायम काहीतरी ठेवावं म्हणतेय, लाकडी पाट की सिलिकॉनची चटई?

दगडफूल

पाट करपतो आणि रोज ओला होऊन वाकतो. सिलिकॉनची चटई चालेल, पण कढईसाठी ती जाड हवी. माझं मत विचाराल तर कुठल्याही फरशीवाल्याकडे काळ्या ग्रॅनाइटचे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. दीड फूट बाय एक फुटाचा घ्या, कडा घासून गोल करून घ्या, तेही त्याच्याच शेडमध्ये पाण्याखाली. खाली चार कोपऱ्यांना सिलिकॉनची बुटकी बटणं चिकटवा म्हणजे मध्ये हवा खेळेल आणि उष्णता क्वार्ट्झपर्यंत उतरणार नाही. बटणांशिवाय ठेवू नका, दगड तापला की खालीही तापवतो.

ओटीजी किंवा एअर फ्रायर असेल तर त्याच्याखालीही असंच काहीतरी हवं. मागून निघणारी गरम हवा रोज एकाच जागी लागते, आणि त्या जागेकडे आपलं लक्ष नसतं.

मोगरीचा_वेल

आमच्या घरी आजीकडे पितळी अडणी होती, तीन पायांची. गरम पातेलं कायम तिच्यावर. त्या काळी ओटा शहाबादी फरशीचा होता, तिला काही झालं नसतं, तरी आजी अडणीच वापरायची.

पाणकणीस

आणला तुकडा! सासूबाई स्वतः बरोबर आल्या होत्या. दुकानात तीन तुकडे उचलून बघितले, एकावर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हा घे, हा आपल्या कडप्प्यासारखा वाजतोय." आज सकाळी थालीपिठं झाली. तवा उतरवताना त्यांनी मला विचारलं नाही.